नाव तेवढं नको म्हटलं होतं

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते दुधाचे खाडे आणि किराणा एवढंच. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने टाकते, चुकेल तिथे वाचणाऱ्याने नीट करून घ्यावं. तसं वाचणारं कोणी नाही. माझ्या लेकीच्या, रेश्माच्या अकरावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे आणि वही डाळीच्या डब्यामागे ठेवते आहे.

गेल्या आठवड्यात शेंगदाणे ज्या कागदात बांधून आले त्यावर श्रीरंगदादांचा फोटो होता. मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. पेपरात त्यांच्या गाण्यांच्या सीडीबद्दल छापून आलं होतं. अर्धा लेख फाटला होता, उरलेला मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्याने चांगलं लिहिलं होतं, पण आठव्या गाण्याबद्दल लिहिलं होतं की त्यातलं नाव कवीच्या कल्पनेतलं असावं. ते वाचून मी कागद घडी करून ठेवला. ती गाणी मी त्याच्याआधी ऐकली आहेत, कणीक मळता मळता, तयार होताना ऐकली आहेत. मलाही त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे. तोंडाने मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

श्रीरंगदादा कोथरूडला आमच्या वस्तीपासून पाच मिनिटांवरच्या सोसायटीत राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, एकटे. कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. कंपनीने तीन वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं. बाकीचे लोक तिकडून येताना चॉकलेटं आणि बॅगा आणतात, हे दोन गिटारी घेऊन आले आणि आल्यावर सहा महिन्यांत नोकरी सोडून बसले. मी कामाला लागले तेव्हा घरात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, सगळ्या खोलीभर वायरी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शोभाताई, वायरींवर पाय देऊ नका, बाकी घर तुमचंच."

उंच, पुढे वाकून चालायचे. घरातल्या घरात एका पायात निळी आणि एका पायात तपकिरी स्लीपर. ताटात जेवायचं माहीत नाही. पोळी तव्यावरून उतरली की तूप-साखर लावून गुंडाळायची आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या खायची. खाताना बोलायचं, बोलताना गुणगुणायचं. मला वाटायचं घास घशात अडकेल.

त्यांची मोठी सवय म्हणजे ऐकायची. मी काही बोलले तर पंखा बंद करायचे, नळ चालू असला तर नळ बंद करायचे. आमच्या घरात, माहेरी, सासरी, असं माझं बोलणं कोणी कधी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, "आज कणीक चिवट झालीय, पोळीला राग आलाय." ते लगेच, "काय म्हणालात? परत म्हणा ना." मग तोच शब्द तोंडात फिरवत खोलीभर फिरायचे आणि भिंतीवरच्या दूधवाल्याच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवायचे. महिना संपेपर्यंत दुधाचा हिशोब कुठे आणि गाणं कुठे, काही कळायचं नाही.

एकदा आलं-लसूण ठेचायला घेतलं तर खलबत्त्याचा बत्ता सापडेना. सगळा ओटा शोधला. आतून कोणीतरी लांबवर रडावं तसा सूर येत होता. जाऊन बघते तर दादा गिटार मांडीवर आडवी टाकून बसलेत आणि तारांवरून आमचा बत्ता सरकवतायत.

"दादा, तो बत्ता आहे."

"ऐका तरी. अमेरिकेतून यासाठी खास स्टीलचा दांडा आणलाय मी, पण त्याच्यात हे नाही. याच्यात लसूण आहे."

मी तोंडावर पदर धरून हसले. पण सूर खरंच वेगळा होता, जरा खरखरीत. रडून झाल्यावर माणूस नाक ओढतो तसा. त्यानंतर तो बत्ता तिथेच राहिला आणि मी लसूण वाटीने ठेचत राहिले.

मी विचारलं होतं की ही कसली गाणी. म्हणाले, तिकडची खेड्यातली, ट्रक चालवणाऱ्यांची, शेतावरच्या माणसांची, बायको सोडून गेलेल्या नवऱ्यांची. त्याला कंट्री म्हणतात. "मी सरळ कंट्री नाही करत, जरा वाकडं करतो. त्याला ऑल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात."

"म्हणजे आपली लावणी का?"

"लावणीची मावसबहीण म्हणा. अंगाने कमी, दुःखाने जास्त."

त्यांची आई नारायण पेठेत राहायची. त्यांना सगळे माई म्हणायचे. महिन्यातून एकदा रिक्षाने यायच्या, दारात उभ्या राहून आधी वायरींकडे बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगा. याच्या वडिलांनी कर्ज काढून याला इंजिनिअर केला. हा अमेरिकेला जाऊन गुरं राखायची गाणी शिकून आला. गुरं तरी आणायचीस!"

"माई, ऑल्टरनेटिव्ह आहे ते," दादा आतून म्हणाले.

"कळतं मला इंग्रजी. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे पर्याय. कशाला पर्याय? पगाराला."

दादांना राग यायचा नाही. ते हसायचे आणि आईला चहा करून द्यायचे. वाईट माणूस नव्हता तो, हे मला लिहून ठेवायचं आहे. फक्त शब्द पटकन द्यायचे. कोणी काही मागितलं की गळ्याला दोन बोटं लावून "शपथ" म्हणायचे, आणि म्हणताना ते खरंच असायचं. मग गाणं मध्ये यायचं.

वडिलांच्या श्राद्धाला सकाळी दहाला नारायण पेठेत पोचतो म्हणून त्यांनी आईला असाच शब्द दिला होता. त्या दिवशी मी पोळ्यांना गेले तर हे कानाला हेडफोन लावून बसलेले. मी घड्याळाकडे बोट केलं, त्यांनी मान हलवली. माझ्या पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, तरी तिथेच. निघाले तेव्हा चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी माई स्वतः आल्या. आत आल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "कावळा वेळेवर आला होता. तू राहिलास." आणि जिना उतरून गेल्या. दादा तसेच उभे. डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. आणि मग पाचव्या मिनिटाला ते कॅलेंडरपाशी गेले आणि आईचं ते वाक्य पेन्सिलने लिहून ठेवलं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मला त्यातून काही कळलं नाही. मला वाटलं, ती आई आहे, आईचं चालतं.

आता माझं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. घ्यायचं ते उखाण्यात, लग्नात, चार बायकांसमोर. त्यासाठी मुली आधीपासून उखाणा जुळवून ठेवतात. रेश्माचे पप्पा, म्हणजे माझे मालक, हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवतात. स्वभावाने अबोल. पण कुठेही लग्नकार्य असलं की त्यांची एक गोष्ट ठरलेली. आमच्या लग्नात बायकांनी मला नाव घ्यायला लावलं तर मी पहिली ओळ म्हटली, "बाभळीच्या झाडाला पिवळं फूल आलं," आणि थांबले ती थांबलेच. पुढे तोंड उघडेना. सगळा मांडव वाट बघतोय आणि नवरी रडायला लागली. ही गोष्ट सांगताना ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "इतकी लाजाळू बायको मुळशीत दुसरी नसेल. वीस वर्षं झाली, अजून माझं नाव त्या बाभळीवरच लटकलंय." लोक हसायचे. मी खाली बघायचे. वीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक म्हणून केलं असेल ते एवढंच, आणि ते प्रत्येक लग्नात केलं.

खरी गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली.

त्या दुपारी वीज गेली होती. पंखा नाही, कॉम्प्युटर नाही, दादांच्या हातात नुसती गिटार. मी ओट्यावर फुलके लाटत होते. म्हणाले, "शोभाताई, उखाणे येतात तुम्हाला? लग्नात कोणता घेतला होता?"

मी आधी नेहमीची गोष्ट सांगितली, लाजेची. ते हसले नाहीत. म्हणाले, "पण ओळ तर पाठ होती. दुसरी ओळ काय होती?"

हे मला वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. कोणालाच वाटलं नाही की दुसरी ओळ असेल.

का सांगितलं मला माहीत नाही. वीज नव्हती, दादांचं आवाज भरून घ्यायचं लाल दिव्याचं मशीन बंद होतं, घर शांत होतं. मी तव्याकडे बघत सांगितलं. माझं लग्न आधी शेजारच्या गावच्या निवृत्तीशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती. मी त्याला दोनदाच पाहिलं होतं, एकदा खडीच्या ट्रकवर आणि एकदा आमच्या ओसरीवर. पण उखाणा मी त्याच्यासाठी जुळवला होता, शेतात एकटी असताना, माझा मी. मग मानपानावरून मोठ्या माणसांत वाजलं आणि मोडलं. पंधरा दिवसांत मला इकडे दिली. मांडवात बायकांनी आग्रह केला तेव्हा दुसरा उखाणा मला येतच नव्हता. पहिली ओळ तोंडातून गेली आणि दुसरीत तेच नाव होतं, म्हणून थांबले. ते नाव तिथे गेलं असतं तर काय झालं असतं? म्हणून रडले. लोकांना वाटलं लाजते, आणि मग मी लाजाळूच होऊन बसले.

"काय होती ओळ?" दादांनी हळूच विचारलं.

मी म्हटली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटली.

बाभळीच्या झाडाला पिवळं फूल आलं,
निवृत्तीचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या ओळीचं शेवटचं मी मांडवानंतर बदललं होतं. आधी तिथे "आज मी घेतलं" होतं.

तव्यावरचा फुलका जळाला, तो मीच काढला. मग दादा म्हणाले, "बाभळीचं फूल घेऊ का मी गाण्यात?"

मला आत कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "घ्या. नाव तेवढं नको. उखाण्यात ते होतं हे घरी कोणाला माहीत नाही."

"नाव नाही. शपथ." गळ्याला दोन बोटं.

पुढचे दोन महिने ते गाणं मी दारामागून ऐकत होते. नावाच्या जागी ते कधी "मारुतीचं" म्हणायचे, कधी "पांडुरंगाचं," एकदा तर माझ्या मालकांचंच नाव घातलं. प्रत्येक वेळी थांबायचे, चक् करायचे, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, केवढा शब्द पाळतायत. मग ते रेकॉर्डिंगसाठी दुसरीकडे जायला लागले. एक दिवस मला पाकीट दिलं, पाच हजारांचं. मी हात मागे घेतला. म्हणाले, "तुमच्या ओळीचे आहेत, शोभाताई. ओळीचे पैसे द्यावे लागतात, नाहीतर चोरी होते." ते पैसे मी रेश्माच्या कॉम्प्युटर क्लासला भरले.

सीडी आली तेव्हा त्यांनी मला एक दिली. मागे बारीक अक्षरात आभार होते, त्यात "शोभाताई" होतं. छापलेलं माझं नाव मी रेशनकार्डावर सोडून पहिल्यांदाच पाहिलं. घरी सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं, ते मालकांच्या गाडीत होतं. मीच त्यांना म्हटलं, "रविवारी गाडीत लावा ना. माझं नाव छापलंय." मीच म्हटलं.

रविवारी दुपारी चांदणी चौकाच्या पुढे रस्त्याकडेला झाडाखाली त्यांनी गाडी लावली. पुढे हे आणि मी, मागे रेश्मा.

गाणी कशी होती ते आता लिहिते, कारण खरं ते लिहायला हवं. सुंदर होती. पेपरवाल्याने लिहिलं त्याहून सुंदर होती. पहिलं गाणं एका मुलीचं होतं, स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधून सिग्नलला उभी. गाणाऱ्याचा तिच्या डोळ्यांवर जीव जातो, तो तिच्या मागे मागे जातो, आणि ती आपल्याच दारात थांबून स्कार्फ सोडते तर ती त्याची बायको. हे इतके हसले की स्टिअरिंगवर हात आपटला. "पोरगं हुशार आहे तुझं," म्हणाले. तिसरं गाणं जमीन विकलेल्या माणसाचं. तो रोज नव्या गाडीतून कंपनीच्या गेटवर येतो, वॉचमन आत सोडत नाही, तो म्हणतो, बाबा, तुमचं कँटीन आहे तिथे माझी विहीर होती, पाणी गोड होतं का एवढंच विचारायचंय. तेव्हा हे हसले नाहीत. असली माणसं त्यांनी गेटवर पाहिली आहेत. काच वर केली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून.

पाचवं गाणं कुकरचं. तो दादांच्या ओट्यावरचा, मी लावायचे तोच कुकर होता, मी आवाज ओळखला. एक बाई कुकर लावते, पहिल्या शिट्टीला पाणी भरते, दुसऱ्या शिट्टीला पिशवी भरते, आणि घर सोडून निघते. नवरा आत बसून तिसऱ्या शिट्टीची वाट बघतो. आणि दादांनी काय केलं, की ती तिसरी शिट्टी गाण्यात दिलीच नाही. नुसता बत्ता तारांवरून सरकत राहतो, लांब, लांब. आपणही वाट बघत राहतो. रेश्मा मागून म्हणाली, "आई, गॅस बंद कोणी केला?" असं गाणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. न दिलेल्या शिट्टीने माणसाचे डोळे भरून येतात हे त्यांना कुठून सुचलं असेल?

मग आठवं लागलं. बाभळीच्या झाडाला पिवळं फूल आलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा उजळला होता. "अगं, ही तर तुझी," म्हणाले, "आपली गोष्ट गाण्यात आली की गं." रेश्माला म्हणाले, "ऐक, ऐक, ही आपल्या लग्नातली." आवाज मोठा केला.

दुसऱ्या ओळीत दादांनी नाव घेतलं. निवृत्तीचं. आणि मग तीच ओळ चार वेळा घेतली, प्रत्येक वेळी नावापाशी गळा अडकवून.

मालकांनी सीडी बंद केली नाही. पूर्ण गाणं ऐकलं. शेजारच्या गावच्या निवृत्तीशी माझं ठरलं होतं, एवढं त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं. ते कुठे लपलेलं नव्हतं. गाणं संपल्यावर रेश्माला म्हणाले, "जा गं, तिकडे मक्याची कणसं आहेत, तीन घेऊन ये." ती गेली. समोर रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा तू लाजली नव्हतीस तर."

लाजले असते तर बरं झालं असतं.

कणसं आली. तिघांनी खाल्ली. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "याचे पैसे दिले का त्याने?"

"पाच हजार."

"क्लासला भरलेस ते?"

"हो."

"परत कर. सगळे. नाव विकून पोरीची फी भरायची नाही." आणि गेले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.

मी दादांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, तोंडभर हसू. "ऐकली? ऐकली का? कशी वाटली?"

चप्पल काढून मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "दादा, नाव नको म्हटलं होतं."

हसू गेलं. एकदम लहान मुलासारखा चेहरा झाला. "हो," म्हणाले. "मी खूप प्रयत्न केला हो. तुम्ही ऐकलंत ना, मारुती टाकलं, पांडुरंग टाकलं. सगळी नावं वाहून जातात. निवृत्तीत मध्ये जे जोडून अक्षर येतं ना, तिथे जीभ थांबते. त्या थांबण्यातच सगळं गाणं आहे. तुम्ही त्या दिवशी म्हणालात तेव्हाही तिथेच थांबला होतात."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"हो. घेतली होती." मग खाली बघत म्हणाले, "पण दुसरं नाव खोटं झालं असतं, शोभाताई."

मला राग कशाचा आला ते सांगते. त्यांचं बरोबर होतं याचा. मीसुद्धा ते गाणं मारुती घालून दारामागून ऐकलं होतं, आणि तेव्हा ते मेलेलं वाटलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. ते गाणं मेलेलं राहिलं असतं तर माझं घर जिवंत राहिलं असतं. त्यांना दोन्हींतलं एक निवडायचं होतं, त्यांनी निवडलं. मला विचारलं नाही. त्यांनी माझं बोलणं ऐकण्यासाठी पंखा बंद केला होता, नळ बंद केला होता. मला वाटलं होतं ते माझ्यासाठी ऐकतायत.

एवढं सगळं मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, "ते पाच हजार मी परत करणार. पगारातून कापा. सातशे महिना."

"काहीतरीच काय! ते तुमचे आहेत."

"कापा," म्हटलं, आणि कणकेचा डबा काढला.

म्हणून मी तिथे आणखी सात महिने गेले. घरातली सातशेची तूट भरून काढायला दुपारी आणखी एका घरच्या पोळ्या धरल्या. दादांच्या घरात आता सोफा आला, माणसं यायला लागली. कॅमेरे यायचे. कोणी विचारलं की ही ओळ कुठून सुचली, तर दादा सांगायचे, "लोकांत असतात अशा गोष्टी, आपण फक्त ऐकायचं." मी आत पोळ्या लाटत असायचे. एकदा एका मुलीने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "काकू, तुम्ही पण ऐकता का यांची गाणी?" मी मान हलवली. ती म्हणाली, "सो स्वीट."

मी बोलणं बंद केलं होतं. "मीठ संपलं," "गॅस लावायचाय," एवढंच. पहिला महिनाभर दादा ओट्याला टेकून वाट बघायचे. मग पोळी खोलीत नेऊन खायला लागले. माई एकदा आल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमचंही काही नेलं वाटतं याने." मी मान खाली घातली. "माझं श्राद्धाचं वाक्य चौथ्या गाण्यात आहे," माई म्हणाल्या. "सगळी पेठ मला ऐकवते."

त्या उन्हाळ्यात मालकांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. नवरीने छान उखाणा घेतला. मांडवात कोणीतरी ओरडलं, "बबनराव, आता तुमची बाभळ होऊ द्या!" सगळे वळून बघायला लागले. हे म्हणाले, "जुनी झाली ती," आणि पाण्याचा जग घेऊन पंगतीत वाढायला गेले. तेव्हापासून ती गोष्ट त्यांनी कुठेच सांगितलेली नाही. घरात बोलतात, डबा नेतात, पगार आणून हातात देतात. कोणी पाहिलं तर म्हणेल, काय बदललंय?

सातवा महिना भरला त्या दिवशी मी पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणि पदराच्या गाठीतली शंभराची नोट काढून दादांच्या टेबलावर ठेवली.

"हे कसले?" त्यांनी विचारलं.

"सातशेप्रमाणे सात महिन्यांचे चार हजार नऊशे झाले. हे वरचे शंभर. उद्यापासून मी येणार नाही."

ते उठले. नोट उचलून हातात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. इंजिनिअर झालेला माणूस, पण बोटांवर मोजून त्यांनी हिशोब पडताळला. "बरोबर आहे," म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जसं डॉक्टरने टाके काढल्यावर पेशंटच्या चेहऱ्यावर येतं. "म्हणजे शोभाताई, आता गाण्यावर तुमचं काही राहिलं नाही, असंच ना?"

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. ते पाच हजार म्हणजे गाण्यातला माझा वाटा, तो परत आला तसं गाणं पूर्ण त्यांचं झालं, एवढाच त्यांचा हिशोब होता.

"पैशाचं म्हणताय का?" मी विचारलं. "पैशाचं काही राहिलं नाही."

ते दारापर्यंत आले. एक पाय निळ्या स्लीपरमध्ये, दुसरा तसाच. एका हातात ती नोट तशीच. मी चप्पल घातली आणि जिना उतरले. पहिल्या वळणावरून वर पाहिलं तर ते अजून दार धरून उभे होते आणि जिन्यावर माझ्या चपलांचा आवाज मान तिरकी करून ऐकत होते.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि उरलेला जिना अनवाणी उतरले.

संध्याकाळी मालक आले. हातपाय धुऊन जेवायला बसले तेव्हा सांगितलं, "आज फिटले."

"सगळे?"

"सगळे. पुरे पाच हजार."

"बरं," म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.